दाभणाच्या टोकाचा उजेड

आमची वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर आहे. उन्हाळ्यात रानात चारा राहत नाही, म्हणून शेळ्यांना उंबराचे ढाळे तोडून घालावे लागतात. त्या सकाळी हे कड्यालगतच्या उंबरावर चढले होते आणि मी खाली शेळ्या राखत होते. फांदी मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, तोडली असेल. मग कुऱ्हाड खाली आली आणि तिच्या पाठोपाठ हे.

हे पाठीवर पडले होते, अर्धे दगडावर आणि अर्धे पाल्यात. मी पोचेपर्यंत शेळ्या त्यांच्या अंगाखालचा पाला ओढायला लागल्या होत्या. डोळे उघडून हे म्हणाले, "हाकल गं त्यांना. माझी मिशी खातील." ते बोलले म्हणून मला धीर आला. त्यांनी पायाची बोटंही हलवून दाखवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे जे झालं त्यात माझं मन सारखं त्या हलणाऱ्या बोटांपाशी जायचं.

वाडीतली माणसं जमली. आमच्याकडे आजारी माणूस, अडलेली बाई, सगळं झोळीतून खाली जातं. बांबूला घोंगडं बांधायचं, माणूस त्यात निजवायचा आणि पुढून मागून खांदा द्यायचा. मीही बाळंतपणाला तशीच खाली गेले होते. दुसरा विचार कुणाच्या मनात आलाच नाही. घोंगडं मी आणून दिलं, त्यातल्या त्यात जाड, त्यांना टोचू नये म्हणून. उतारावर झोळी हेलकावे खात होती. हे आधी ओरडत होते, मग कण्हायला लागले, मग गप्प झाले. रस्त्याला आल्यावर टेम्पोत चढवताना ते माझ्या दिरांना म्हणाले, "पाय कुठं ठिवले रं माझे?"

"हायेत की दादा. म्याच धरल्यात."

"मग मला का कळंना?"

 दिरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली बघितलं.

विंझरच्या पुढे अँब्युलन्स भेटली. नसरापूरवरून आम्ही हायवेला लागलो. कामथडीच्या बाजूला हायवेलगत एक मोठं हॉस्पिटल झालं आहे, तिथं त्यांना नेलं. त्यांना एका मोठ्या नळ्यासारख्या मशीनमध्ये घातलं आणि मग डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर सडपातळ होते, बोलताना समोरच्या माणसापेक्षा स्वतःच्या हातांकडे जास्त बघायचे. त्यामुळे मला त्यांच्यासमोर बसायला जरा सोपं गेलं.

"खाली कसं आणलं त्यांना?" त्यांनी विचारलं.

"झोळीतनं," दीर म्हणाले.

डॉक्टर हातांकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "फळीवर सरळ आणायला हवं होतं. झोळीत पाठ वाकते. असो, तुम्हाला कुणी सांगितलं नसणार."

त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. पाठीच्या मण्यांची माळ दिसत होती आणि त्यातला एक मणका चेपलेल्या डब्यासारखा झाला होता. त्याचा तुकडा मागे सरकून नसेवर बसला होता. नस तुटलेली नाही, दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. तुकडा काढायचा, वरच्या आणि खालच्या मणक्यांत स्क्रू घालायचे आणि सळईनं सगळं एकत्र बांधायचं.

"स्क्रू घालायची हाडातली वाट पेन्सिलीएवढी असते. तिच्या आतल्या अंगाला लगेच नस आहे. वाटेत राहिलो तर पाय परत यायची आशा आहे. वाट चुकली, तर जे थोडं उरलंय तेही जाईल."

मी पदर तोंडाला लावला. दिरांनी विचारलं, "मग आत दिसतं कसं, साहेब?"

डॉक्टरांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि मला म्हणाले, "ताई, बोट ठेवा यावर." माझं बोट लालभडक दिसलं. "उजेड आत जातो आणि परत येतो. रक्तातून एक तऱ्हेचा येतो, चरबीतून दुसऱ्या तऱ्हेचा, घट्ट हाडातून तिसऱ्या. आपल्या डोळ्याला तो फरक कळत नाही, मशीनला कळतो." मग त्यांनी हातानं दाखवलं, दाभणासारखं एक अवजार असतं, त्याच्या टोकातून उजेड निघतो. हाडात वाट करताना पडद्यावर रेघ उमटत जाते. टोक हाडाची कड सोडायला लागलं की रेघ बदलते आणि ते थांबतात. "आमच्याकडे हे नवीन आहे. अजून शिकतोय, तपासतोय, म्हणून तुमची परवानगी लागेल. एक्स-रेचं मशीन आहेच, ते कसंही असणारच. नको म्हणालात तर नुसत्या त्याच्यावर करू."

मला लगेच अंडी आठवली. खुडूक कोंबडीला अंडी उबवायला बसवून आठवडा झाला की मी तिच्याखालचं एकेक अंडं बॅटरीवर धरते. लाल शिरा दिसल्या तर पिल्लू आहे, नुसतं पिवळं दिसलं तर भाकड. वाडीतल्या बायका माझ्याकडेच अंडी आणतात. तरी माझं चुकलेलं आहे. भाकड ठरवलेलं एक अंडं कोंबडीखालीच राहून गेलं आणि त्यातून चिवचिव ऐकू आली होती. उजेड खरा होता, बघणारी चुकली होती. डॉक्टरांना विचारावं असं फार वाटलं, की तुमचं चुकलं तर? पण माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

ऑपरेशन दुसऱ्या सकाळी ठरलं. दिरांनी टेम्पोवाल्याला फोन करून वाडीवर तसा निरोप धाडला.

त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, दिरांचा मोबाईल वाजला. आमच्या वाडीवर रेंज लागते ती फक्त खिंडीतल्या जांभळीखाली, म्हणजे आत्याबाई, माझ्या सासूबाई, मुद्दाम तेवढं चढून गेल्या होत्या. दिरांनी दोन शब्द ऐकले आणि फोन माझ्या हातात दिला.

"डावा पडला गं," आत्याबाई म्हणाल्या. "कौल डावा पडला."

आमच्या वाडीत देवाला विचारल्याशिवाय मोठं काही होत नाही. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओले तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवीकडचे आधी पडले तर हो, डावीकडचे पडले तर नाही. कौल लावायचं काम ह्यांच्या घराण्याकडे आहे, हेच लावतात. आता हेच पडून राहिल्यामुळे आत्याबाईंनी वाडीतल्या एका म्हाताऱ्याला बसवलं होतं.

"पाठ कापू द्यायची न्हाई. घिऊन या त्याला. हाडवैद्याला म्या सांगावा धाडते. ऐकतीस का? का तिथं पंख्याखाली बसून झोप लागली?"

"व्हय, आत्याबाई," एवढंच मी म्हणाले, आणि रेंज गेली.

दीर म्हणाले, "वैनी, दादाला सांगू नका. त्यो उठून चालायला लागंल, म्हंजे, चालायला येत असतं तर." मग स्वतःच्याच बोलण्यानं त्यांचा चेहरा पडला. "झाल्यावर सांगू. म्या सांगंन, तुमच्यावर नाव येणार न्हाई."

मी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहिले.  सांगितलं, तर हे नको म्हणणार. डाव्या कौलावर ह्यांनी कधी बोकडसुद्धा विकला नव्हता. मग घोंगड्यावर पडून ते आयुष्यभर छप्पर बघणार. नाही सांगितलं आणि त्या टेबलावर काही झालं, तर देवानं नको म्हटलेलं ठाऊक असून मी त्यांना आत पाठवलं, असं होणार. दोन्हीकडून मला ह्यांचे पायच दिसत होते, पांढऱ्या चादरीखाली, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखे.

मी आत गेले. हे उताणे पडले होते. मला बघून म्हणाले, "आईनं कौल लावला आसंल."

मी मान हलवली.

"काय आला?"

"डावा," मी म्हणाले. ठरवून म्हणाले नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना खोटं सांगायला माझं तोंड वळलं नाही.

ह्यांनी नजर छताकडे वळवली.  मग म्हणाले, "इचारलं काय व्हतं तिनं?"

"पाठ कापावी का, असं."

"घ्या! कापावी का म्हणल्यावर कुठला देव व्हय म्हणंल? देव हाय का कसाई हाय त्यो?"

दाराशी उभे असलेले दीर हसले. मला हसू आलं नाही. हे मला समजावून सांगायला लागले, जसं वाडीत लोकांना सांगतात. डावा आला म्हणजे अजिबात नाही असं नसतं. असं नको, एवढाच त्याचा अर्थ. मग प्रश्न बदलून विचारायचं, वाट बदलून विचारायचं. "आईला ठावं न्हाई त्ये. ती एकदा इचारती आन भांडाया उठती." ते हे सगळं मला सांगत होते की स्वतःला, ते मला आजही कळलेलं नाही. त्यांचा हात चादरीवर सारखा काहीतरी चाचपत होता.

"लाव परत फोन. म्या सांगतो काय इचारायचं त्ये."

दिरांनी लावून बघितला. लागला नाही. आत्याबाई खिंडीतून उतरून गेल्या असणार.

"मग डाक्टरला बोलव," हे म्हणाले.

उजेडाच्या दाभणाचं दिरांनी ह्यांना आधीच सांगितलं होतं. डॉक्टर फेरीला आले तेव्हा ह्यांनी हात जोडले आणि विचारलं, "डाक्टरसाहेब, त्यो तुमचा उजेड नगं म्हणला, तर तुमी काय करता?"

डॉक्टरांना प्रश्नाचं नवल वाटलं नसावं. ते म्हणाले, "थांबतो."

"थांबून?"

"टोक बाहेर काढतो. फोटो घेतो. दिशा बदलतो आणि दुसऱ्या वाटेनं जातो."

"आन परत नगं म्हणला तर?"

"तर त्या मणक्यात स्क्रू घालत नाही. त्याच्या वरचा धरतो."

"रेटून न्हाई ना घालत?"

"नाही. रेटलं तरच घात होतो."

हे त्यांच्याकडे, जत्रेत बोकडाचे दात बघावेत तसे, निरखून बघत राहिले. मग म्हणाले, "मंग जमंल आपलं. करा."

डॉक्टर गेल्यावर दीर म्हणाले, "दादा, डाक्टरला पण तांदूळ द्यायचा का घिऊन?" हे हसले, आणि हसण्यानं पाठीत कळ गेली तसे ओठ चावून गप्प झाले. दीर चहा आणायला गेले तेव्हा ह्यांनी माझा पदर धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चारचौघांच्या जागेत ह्यांनी माझा पदर कधी धरला नव्हता. हळूच म्हणाले, "त्यो उजेडच चुकला तर गं?"

मला ते अंडं आठवलं. मी म्हणाले, "न्हाई चुकत."

सकाळी सिस्टरनं त्यांच्या कमरेचा करगोटा कापला, गळ्यातला ताईत काढला आणि दोन्ही माझ्या हातात दिले. ट्रॉली गेली. दार लागलं. दारावरचा लाल दिवा पेटला. दिरांनी वडापाव आणला आणि तो माझ्या मांडीवरच गार झाला. बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. मी खिडकीपाशी उभी राहून उन्हात बोट धरून बघत होते. कडेनं लाल दिसत होतं, मधे काळसर. यातलं कुठलं हाड, कुठली नस, मला काही कळत नव्हतं. माझ्याच बोटातलं मला कळत नव्हतं आणि आत कुणीतरी ह्यांच्या पाठीत उजेडावर भरवसा ठेवून पुढे पुढे जात होतं. दर वेळी दार हललं की मी वळून बघायची. एकदा एक बाई बादली घेऊन बाहेर आली तरी मी हात जोडले.

शेवटी डॉक्टर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढला तेव्हा नाकावर त्याचा वळ दिसत होता.

"झालं. नसेवरचा दाब काढला. स्क्रू नीट बसलेत."

"आन तुमचा उजेड?" दिरांनी विचारलं.

"एका ठिकाणी नको म्हणाला." डॉक्टर पहिल्यांदा हातांवरून नजर उचलून बोलले. "वाट आतल्या बाजूला चालली होती. काढलं, दिशा बदलली, परत गेलो. मग शेवटपर्यंत हाडच लागलं."

माझ्या घशाशी प्रश्न आला होता. कुठल्या अंगाला? उजव्या का डाव्या? मी तोंडही उघडलं होतं. पण माझ्या मागे आणखी लोक उभे होते, सगळे ऐकत होते, आणि मी तोंड मिटलं. तो प्रश्न मी नंतरही कधी विचारला नाही. आता विचारावा असंही वाटत नाही.

"पाय येतील ना साहेब?" दीर म्हणाले.

"ते आता पायच सांगतील."

हे शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या तळपायावर किल्ली ओढली. "बोटं हलवा." उजव्या पायाचा अंगठा हलला, झोपेतून उठल्यासारखा. दीर रडायलाच लागले. डॉक्टरांनी डाव्या पायावर किल्ली ओढली. "हलवा." काही झालं नाही. "हलवताय का?" "हलवतोय की," हे म्हणाले. पाय तसाच पडून होता. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो, दबलेली नस सावकाश जागी होते, कधीकधी होतही नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. वेल्ह्यापर्यंत चालत आणि तिथून एसटीनं. ओच्यात भंडारा बांधून आणला होता. लेकाला लावला, पोटभर रडल्या, मग स्टुलावर बसून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डावा कौल, डावा पाय. सांगितलं व्हतं का न्हाई म्या? पर सुनंला रेंज न्हवती."

"आये, तिनं सांगितलं व्हतं मला," हे म्हणाले. "करा म्या म्हणलो."

"तू गप. तुला कुणी इचारलंय?"

 आत्याबाईंचं बोलणं माझ्या काळजात रुतलं, कारण तेच मी रात्रंदिवस स्वतःला म्हणत होते. डावा कौल, डावा पाय. देवानं आम्हाला आधीच दाखवलं होतं आणि आम्ही प्रश्नावर खापर फोडून मोकळे झालो होतो. की पाय त्या झोळीतच गेला होता, माझ्या जाड घोंगड्यात? सिस्टर सकाळी अंग पुसायला यायची तेव्हा मला भीती वाटायची, आणि फेरीला डॉक्टर यायचे तेव्हाही. कुणी काही विचारूच नये, काही सांगूच नये, असं वाटायचं.

सिस्टरनं मला एक काम दिलं होतं. पाय चोळायचे, बोटं एकेक करून वाकवायची आणि मधूनच चिमटा घेऊन बघायचं. हे तेव्हा तोंड खिडकीकडे करायचे. मी उजव्या पायाला चिमटा घेतला की "आई गं" म्हणायचे. डाव्याला घेतला की काहीच नाही. मग मी म्हणायची, "घेतलाच न्हाई अजून." आणि ते म्हणायचे, "व्हय का." आम्ही दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

अशा बऱ्याच सकाळी गेल्या. टाके काढले. पाठीला पट्टा बांधून ह्यांना टेकून बसवायला लागले. आत्याबाई परत वाडीला जाऊन आल्या, शेळ्यांची खबर घेऊन. त्या सकाळी त्या उशाशी बसून सांगत होत्या, पांढरी शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्यात, बोकड एकही नाही, खुडूक कोंबडीला मुंगसानं नेलं. मी पायापाशी बसून डावा पाय चोळत होते. माझं लक्ष बोलण्याकडे होतं. सवयीनं मी करंगळीला चिमटा घेतला.

"हळू की," हे म्हणाले. "नखं काढ आदी. सुईवानी टोचत्यात."

आत्याबाई बोलायच्या थांबल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड अजून खिडकीकडेच होतं, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मला आनंद झाला नाही. खरं तेच लिहिते, मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली. वाटलं, मी चुकून उजवाच पाय धरला असेल. मी चादर पार गुडघ्यापर्यंत वर केली. आत्याबाई बसल्या होत्या, पलीकडच्या खाटेवरचे पाहुणे बघत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पाय डावाच होता. मी अंगठ्याशेजारचं बोट धरलं आणि जीव खाऊन चिमटा घेतला.

"अगं ए, मारतीस का!" हे एवढ्यानं ओरडले की सिस्टर धावत आली.

"काय झालं? कुठं दुखतंय?"

"हितं," मी म्हणाले. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. "ह्यांना हितं दुखतंय."